नाक, गिअर आणि ससा-कासव

मृगाला दहा-बारा दिवस उरले की आमच्या दुकानात जेवायला वेळ मिळत नाही. कोणाच्या वखराची पास (लोखंडी पातं) झिजलेली, कोणाच्या ट्रॉलीचा हूक तुटलेला, कोणाचं रोटाव्हेटर वावरातच बसलेलं. दारव्हा तालुक्यात मेन रोडपासून चार किलोमीटर आत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. यवतमाळच्या आयटीआयला वेल्डरचं एक वर्ष केलं, त्याला आता 23 वर्षं झाली. दुकानात लाइटवरची मशीन आहे. पण पांदणीनं आत जाऊन काम करायचं तर पेट्रोलवरची लागते, आणि ती मी 6 वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. तेरा हॉर्सपावरचं इंजिन, त्यालाच जोडलेला जनरेटर, एका बाजूला होल्डर (रॉड धरायची मूठ) आणि अर्थिंगची केबल, दुसऱ्या बाजूला घरच्यासारखे 230 व्होल्टचे दोन सॉकेट.

पॅनेलवरची इंग्रजी अक्षरं पेट्रोलच्या हातांनी पुसून पुसून गेली होती. मला काही अडत नव्हतं, बोटांना पाठ होतं. यंदा मे महिन्यात भाचा हाताशी आला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, यातलं कोणतं बटण कशाचं?" म्हणून एका रविवारी पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घेऊन आम्ही दोघं बसलो.

चोक लिहायला घेतला तर पोरगं म्हणे, याचं काम काय? म्हटलं, इंजिनाचं नाक दाबायचं. हवा कमी जाते, पेट्रोल जास्त ओढलं जातं, थंड इंजिन लवकर पेटतं. त्यानं सरळ 'नाक' लिहून टाकलं. मी हसलो, पण नाव चपखल होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे यालाही लागू. फक्त आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असतो आणि इंजिन सकाळपासून चाललेलं असतं. अशा गरम इंजिनाचं नाक दाबून दोरी ओढत बसलं की ते पेट्रोलनं गुदमरतं. प्लग काढून पाहा, काळा आणि ओला. मी स्वतः नवा असताना एका कास्तकारासमोर पंधरा-वीस वेळा दोरी ओढली होती. तो शेवटी म्हणाला, "राहू द्या भाऊ, बंडीत टाकून दुकानात नेतो."

मग मोठा गोल स्विच. अँपिअरची रेंज यावर ठरते आणि त्याच्या शेजारच्या 1 ते 10 आकड्यांच्या छोट्या चकतीनं त्या रेंजमध्ये बारीक फरक करता येतो. बारा नंबरची रॉड, म्हणजे अडीच एमएमची, 60 ते 90 अँपिअरमध्ये बरी चालते. दहा नंबरची सव्वातीन म्हणतात ती खरी 3.15 एमएमची, तिला 90 ते 130 लागतात. पत्रा पातळ असला की खालून सुरुवात करायची, नाहीतर जोडायला गेलो आणि भोक पाडून आलो. छोटी चकती रॉड जळत असतानाही फिरवली तर चालते. मोठ्या स्विचला मात्र आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ठिणगी, चालू असताना हात लावायचा नाही. आत तांब्याचे कॉन्टॅक्ट असतात. भार असताना फिरवला की ठिणगी तिथंच उडते आणि ते जळतात. आधीच्या मालकानं नेमकं तेच केलं होतं. मशीन घेतल्यावर तिसऱ्याच महिन्यात एक रेंज गेली, स्विच उघडला तर आत कोळसा. साडेचार हजार गेले.

भाच्याला हे सांगितलं तर त्याला ट्रॅक्टर आठवला. "म्हणजे क्लच न दाबता गिअर टाकल्यासारखं." म्हटलं, हो, तसंच. झालं, मोठ्या स्विचवर 'गिअर' लिहिलं.

छोट्या चकतीनं मला एकदा चांगलंच फजीत केलं आहे. शेजारच्या गावात लग्न होतं, ऐन मांडवात लाइट गेली. मशीन मागायला आले, मी नेऊन लावली. बल्ब लागले, पण विझू विझू करत होते आणि पंखा हवा घालायचं सोडून नुसता फिरत होता. इंजिन तर जोरात चाललेलं. वऱ्हाडी माझ्याकडे बघून राहिले. अर्ध्या तासानं लक्षात आलं, दुपारी पातळ पत्र्यासाठी चकती 3 वर ठेवली होती ती तशीच. आमच्या या मशीनची ठेवण अशी की चकती खाली असली की सॉकेटचा व्होल्टेजही खाली येतो. दहावर नेली आणि मांडव लखलखला. तेव्हापासून सॉकेट वापरायचं तर चकती पूर्ण वर.

त्याच मांडवात एकानं विचारलं, यातली वायर घराच्या बोर्डात टोचून घर उजळता येईल का? मी नाही म्हणतो, आणि यात कोणाचंही ऐकत नाही. आपला करंट उलटा डीपीकडे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे जातो आणि तिकडे लाइनमन खांबावर असतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेवटच्या खटक्यावर. त्याच्या एका बाजूला ससा, दुसऱ्या बाजूला कासव, ही चित्रं मूळचीच, तेवढी पुसली नव्हती. सशावर इंजिन सतत पूर्ण वेगात, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास, कारण 50 हर्ट्झ त्याच वेगाला मिळतात. कासवावर ठेवलं तर काम नसताना इंजिन हळू होतं. रॉड टेकली की ते स्वतःच धावतं, आणि रॉड उचलल्यावर थोडा वेळ वाट पाहून पुन्हा मंद. पेट्रोल वाचतं, कानालाही आराम. पण कासवाला बारीक भार कळत नाही. ग्राइंडर लावला तर लगेच जागं होतं. नुसता मोबाइल चार्जरला लावला तर दखल घेत नाही, आणि हळू इंजिनावरचा व्होल्टेज धड नसतो. एका गड्याचा चार्जर मी असाच घालवला. नवा घेऊन द्यावा लागला. म्हणून बारीकसारीक लावायचं तर ससा.

ऑइलच्या बटणाला नाव नाही, कारण ते बाहेर दिसतच नाही. आत सेन्सर असतो, ऑइल कमी झालं की इंजिन बंद करतो. मागच्या वर्षी तुरीच्या वावरात मशीन सुरूच होईना. प्लग पुसला, कार्बोरेटर उघडला, पेट्रोलचा कॉक तीनदा पाहिला, तास गेला. मशीन धुऱ्यावर तिरपी ठेवली होती. ऑइल एका बाजूला गेलेलं, सेन्सरला वाटलं संपलं. सपाट जागी आणली, दुसऱ्या दोरीला चालू. त्या तासाचे पैसे मागायची मला लाज वाटली.

आणखी एक बारीक गोष्ट. मशीनच्या पाटीवर साठ टक्के ड्यूटी सायकल छापलं होतं, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं दम. पण ते मोजतात 40 डिग्रीच्या हवेत. आपल्याकडे मे महिन्यात 40 ही सकाळी अकराची गोष्ट. दुपारी मी अर्धाच वेळ रॉड चालवतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

दारातलं काम संपलं की लगेच बंद करायची नाही, हेही पोराला सांगितलं. भार काढून पाच मिनिटं चालू द्यायची, आतला पंखा वाइंडिंग, म्हणजे जनरेटरच्या तारांची गुंडाळी, थंड करतो. पाच मिनिटं मोजायची कशी? एक चहा.

परवा तो पहिल्यांदा एकटा गेला, ट्रॉलीचा हूक लावायला. निघताना ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर सोडायला आणि अर्थिंगचा चिमटा हुकाच्या अगदी जवळ, त्याच लोखंडावर लावायला बजावलं. दूर लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. दीडच्या सुमारास फोन आला. पलीकडे इंजिनाचा आवाज उतरलेला, म्हणजे रॉड ठेवली होती.

"मामा, काम झालं. काकू चहा आणून राहिल्या, पिऊ का?"

"मशीन बंद केली?"

"नाही, कासवावर आहे."

"मग पी."