नागपुरात राहून सूफींचा अभ्यास

ताजाबादचा, म्हणजे इथल्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याचा, उर्स झाला की हा प्रश्न हमखास येतो: नागपुरात राहून सूफी परंपरेचा अभ्यास हेच करिअर करता येईल का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. येईल, पण सुरुवात रूमीच्या अनुवादांनी करू नका, फारसीने करा. इकडच्या सूफींची जुनी मलफूजात, म्हणजे पीराचं (सूफी गुरूचं) बैठकीतलं बोलणं मुरिदाने (शिष्याने) टिपलेलं, बहुतेक फारसीत आहेत. अरबी मागाहून चालेल.

मलफूजात म्हटलं की लगेच विश्वास टाकायचा नाही. निजामुद्दीन औलियांचं ‘फवाइदुल फुआद’ भक्कम, कारण अमीर हसन सिज्जींनी १३०८ ते १३२२ या काळातल्या बैठका तारखेनिशी लिहिल्यात. त्याआधीच्या चिश्ती (निजामुद्दीनांच्याच सूफी परंपरेतल्या) पीरांच्या नावावर खपणारी काही पुस्तकं मात्र मागाहून रचलेली आहेत.

खरी गोची तारखांची. हस्तलिखितात वर्ष पुष्कळदा आकड्यात नसतं, प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, एखाद्या ओळीतल्या अक्षरांच्या किमतींची बेरीज करून ते काढावं लागतं. ‘बे’चे २, ‘ते’चे ४००, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा, आणि शिकस्ता (घाईचं मोडी वळणाचं अक्षर) लिहिणारा नुक्ते सर्रास गाळतो. इथे चुकलात तर वर्ष ३९८ने सरकतं, ते कोणाच्याही डोळ्यात भरेल. घात होतो तो ‘जीम’ आणि मोठ्या ‘हे’त, तिथेही फरक नुक्त्याचाच: एकाचे ३, दुसऱ्याचे ८. पाच वर्षांची चूक छापून जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. शिवाय ‘पे’, ‘चे’, ‘गाफ’ यांना वेगळी किंमत नाही. ती अनुक्रमे ‘बे’, ‘जीम’, ‘काफ’चीच धरायची. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून इंग्रजी तारीख काढताना एका दिवसाचा फरक पडू शकतो. मजकुरात वार दिला असेल तर आधी तो जुळवा.

नोकरीचं थोडक्यात: नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, ‘सूफी अभ्यास’ असा विषय नाही. फारसी, उर्दू, अरबी, इतिहास अशा एखाद्या विषयातून जावं लागतं. नोकरीच हवी असेल तर मी इतिहास म्हणेन, भाषा जोडीला ठेवून.

आणि विषयासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. कामठीत जन्मलेले ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) नागपूरच्या पागलखान्यात होते. तिथून रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यावर आणलं. याचा माग काढायचा तर इंग्रजी सरकारी कागद, भोसल्यांकडचं मराठी आणि भक्तांचं उर्दू, तिन्ही समोर ठेवून ताडून पाहावं लागतं. मराठी तर तुम्हाला येतेच. उरलेल्या दोन बाजूंसाठी मोडकीतोडकी भाषा पुरणार नाही.