मग लिव्हरसाठी काय देता?

मुलाला फिटच्या गोळ्या चालू आहेत हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग लिव्हरसाठी काय देता?" नातेवाईक विचारतात, शाळेतले पालक विचारतात. ओपीडीबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेली, बाळाचं निदान नुकतंच झालेली एखादी आई तर अगदी घाबरून विचारते. हे मुख्यतः तिच्यासाठी.

वेगळं काहीही देत नाही. टॉनिक नाही, काढा नाही, गुळवेलसुद्धा नाही. कोविडच्या काळात गुळवेल घरोघरी शिरली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी सोडवावा, पण ज्या लिव्हरवर आधीच एका औषधाचं काम आहे, त्यावर मी दुसरं लादणार नाही.

आधी गोळीचं नाव विचारा. लेव्हेटिरासिटाम बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं, लिव्हरला त्याचा फारसा त्रास नसतो. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन असेल तर पहिले दोन महिने अंगावर पुरळ आणि सोबत ताप आला, तर ते गोवर-कांजिण्या म्हणून सोडून देऊ नका. ती औषधाची रिअ‍ॅक्शन असू शकते आणि तिच्यात लिव्हरलाही इजा होऊ शकते.

माझ्या मुलाला व्हॅलप्रोएट आहे. या औषधाने लिव्हरला गंभीर इजा होणं दुर्मीळ, पण झाली तर बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. जास्त धोका दोन वर्षांखालच्या मुलांना, त्यातही एकाहून जास्त फिटची औषधं घेणाऱ्यांना किंवा जन्मजात मायटोकॉन्ड्रियाचा (पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) आजार असणाऱ्यांना. म्हणून घराण्यात कुणी लहानपणी लिव्हरच्या आजाराने गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, वेळच्या वेळी कराच. त्यातलं एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम जरासं वाढलेलं दिसलं की लोक हादरतात. पुष्कळदा ते तेवढंच राहतं किंवा आपोआप खाली येतं, डॉक्टर पुन्हा तपासून ठरवतात. मला भीती उलट गोष्टीची वाटते. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातलं लक्ष सुटतं. व्हॅलप्रोएटमध्ये कधीकधी रिपोर्टच्या आधी मूल सांगतं: जेवण नको होतं, उलट्या होतात, सारखी झोप येते, चेहरा सुजतो. आणि आटोक्यात असलेल्या फिट पुन्हा येऊ लागतात. अशा वेळी घरच्यांना वाटतं, डोस कमी पडतोय. डोस वाढवण्याआधी लिव्हर तपासायला हवं, हे मला प्रत्येक आईच्या कानात सांगावंसं वाटतं.

तापाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, मोजून. टीबीची औषधं सुरू होणार असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, कारण त्यांतली काही औषधं लिव्हरलाही जड जातात आणि फिटच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही बदलतात.

आणि लिव्हरच्या धास्तीने गोळी मनाने बंद करू नका. अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. रात्री उलट्या सुरू झाल्या आणि मूल गुंगीत वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. इमर्जन्सीत पोचल्यावर आधी औषधाचं नाव आणि डोस सांगा, मग एलएफटीबरोबर रक्तातला अमोनियाही तपासायचा का, ते विचारा. एलएफटी नॉर्मल असतानाही तो वाढलेला असू शकतो.