हॉल आहे की पॅथॉलॉजी लॅब?

मागच्या मे महिन्यात आम्ही डोंबिवलीतल्याच जुन्या बिल्डिंगमधून नवीन फ्लॅटमध्ये आलो. पीओपीवाल्याने विचारलं, मॅडम लाईट व्हाईट टाकू ना, आणि मी टाइल्सच्या गडबडीत हो म्हणून मोकळी झाले. त्याने दहा बाय सोळा फुटांच्या हॉलमध्ये बारा डाऊनलायटर, म्हणजे छतात बसवायचे दिवे, बसवले, सगळे 6500 केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे, आणि सगळे एकाच बटणावर! पहिल्या दिवशी संध्याकाळी बटण दाबलं आणि सगळं लख्ख दिसलं, म्हणजे सोफ्यावरचा तेलकट डाग, नवऱ्याचे पांढरे केस, माझ्या डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळंच. सासूबाई पाच मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "अगं इथे बसलं की आपला नंबर कधी येणार असं वाटतंय."

झालं, त्या दिवसापासून आमच्या हॉलचं नाव लॅब.

हसण्यावारी नेलं खरं, पण महिन्याभरात लक्षात आलं की हॉलमध्ये कोणी बसतच नाहीये. जेवणं झाली की जो तो आपापल्या खोलीत. जुन्या घरात एका ट्यूबखाली सगळे दाटीवाटीने बसायचो, इथे एवढी जागा असून सगळे बेडरूममध्ये लोळतायत. मग एका रविवारी हिशोब केला. जुनी 40 वॉटची ट्यूब साधारण अडीच हजार लुमेन उजेड द्यायची. नवीन डाऊनलायटर 12 वॉटचा, एकाचे हजारेक लुमेन, म्हणजे बाराचे बारा हजार. जवळजवळ पाच ट्यूब एकदम चालू! हॉल पंधरा चौरस मीटरचा, निम्मा उजेड भिंती आणि फर्निचरने गिळला असं धरलं तरी चारशे लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन म्हणजे लक्स) उरतात, म्हणजे ऑफिसात टेबलावर काम करायला लागतो तेवढा. गप्पा मारायला, टीव्ही बघायला शंभर-दीडशे लक्स पुरे होतात. इतके दिवस बल्ब घ्यायचा म्हणजे वॉट बघायचे एवढंच मला माहीत होतं, पण वॉट म्हणजे तो वीज किती खातो ते, उजेड किती देतो ते लुमेनवर. खोक्यावर दोन्ही लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही.

आणि केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. हे उलटं वाटतं आधी, आकडा वाढला की उजेड थंड, म्हणजे निळसर पांढरा. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा, आधी लाल, मग पिवळं, मग तापत तापत पांढरं. तसंच. समईची ज्योत दोन हजाराच्या आसपास, जुना पिवळा बल्ब 2700, आणि आमचे ते बारा राक्षस 6500, म्हणजे भर दुपारचा उजेड रात्री नऊ वाजता. असा निळसर भगभगीत उजेड रात्री डोळ्यावर पडत राहिला की मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, तयार व्हायला उशीर होतो. धाकटा अकरा वाजेपर्यंत टक्क जागा का असायचा त्याचं थोडं उत्तर इथे मिळालं, उरलेलं उत्तर मोबाईल.

मी जाहीर केलं की हॉलमध्ये पिवळे लाईट लावायचे. घरात वादळ! सासूबाईंचं म्हणणं पिवळ्या उजेडात घर कळकट दिसतं. आधी मला राग आला, पण नंतर वाटलं की त्यांच्या जागी त्या बरोबर आहेत. त्यांच्या माहेरी गावाला पिवळा बल्ब म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की निखाऱ्यासारखा मिणमिणणारा, त्यात अभ्यास करून डोळे गेले असं त्या अजून सांगतात. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा घरात ट्यूब होती याचं त्यांना कौतुक होतं. ट्यूब म्हणजे सुधारलेलं घर. मग 2015 नंतर ते स्वस्तातले 9 वॉटचे एलईडी आले, आमच्याकडे आले ते सगळे पांढरेच. त्यामुळे आपल्याकडे पांढरा म्हणजे स्वच्छ आणि पिवळा म्हणजे गरिबी हे डोक्यात पक्कं बसलंय, आणि हॉटेलात मात्र आपण त्याच पिवळ्या उजेडात बसून किती छान अँबियन्स म्हणतो :)

म्हणून मी वाद घातला नाही, फक्त एक टेबल लॅम्प आणला. 2700 चा साधा 7 वॉटचा बल्ब, वर कापडी शेड, सोफ्याच्या बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि दिवेलागणीला देवापाशी दिवा लावून झाला की वरचे सगळे बंद करून तो लावायला लागले. चौथ्या दिवशी सासूबाई स्वतःच भाजी निवडायला तिथे येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

तेव्हा मला कळलं की रंगापेक्षाही उजेड कुठून येतो ते जास्त महत्त्वाचं. छतातून सरळ डोक्यावर पडला की माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात, सगळे आजारी दिसतात. तोच उजेड बसल्यावर खांद्याच्या उंचीला, भिंतीवर आपटून आला की चेहरे मऊ दिसतात, खोलीही मोठी वाटते. मग इलेक्ट्रिशियन दादांना बोलावून बाराचे तीन भाग करून घेतले, तीन वेगळी बटणं, भिंतीकडचे चार 3000 चे करून टाकले. बोर्डात जागा नव्हती, थोडी तोडफोड झाली, ते जाऊ दे.

चुका पण केल्या. हौसेने डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावला आणि बल्ब असे फडफडायला लागले की भुताचा सिनेमा. खोक्यावर डिमेबल लिहिलेलेच एलईडी त्यावर नीट चालतात हे नंतर कळलं. ऑनलाइन एक स्वस्तातली एलईडी स्ट्रिप मागवली, तिच्याकडे बघून डोकं दुखायचं, मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये शूट केलं तर ती लुकलुकत होती. डोळ्याला दिसत नाही पण त्रास होतो. काढून टाकली.

स्वयंपाकघर मात्र पिवळं करायचं नाही या मताची मी आहे. तिथे 4000, आणि ट्यूब पाठीमागे असली की आपलीच सावली चॉपिंग बोर्डवर पडते म्हणून वरच्या कपाटाखाली, ओट्यावर उजेड पडेल अशी पट्टी. आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असतो तो बघून घ्या, तिथे तरी 90 च्या पुढचा घ्या. साधा ऐंशीचा लावला होता तेव्हा टोमॅटो मेल्यासारखे दिसायचे आणि तांदळातले खडे दिसायचे नाहीत.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, प्रकरण वेगळं. त्यांना पेपर वाचायला भरपूर उजेड लागतो, वय झालं की डोळ्यात मुळात कमी प्रकाश शिरतो. पण मोतीबिंदू सुरू झाल्यामुळे उघडा बल्ब समोर आला की चमकतं, काही दिसत नाही. अख्खा हॉल पेटवण्यापेक्षा त्यांच्या खुर्चीमागे एक उंच स्टँडचा लॅम्प लावला, उजेड खांद्यावरून थेट पेपरवर. रात्री बाथरूमला उठतात म्हणून पॅसेजमध्ये खाली, घोट्याच्या उंचीला एक सेन्सरवाला अर्ध्या वॉटचा पिवळा दिवा. आधी तिथे झिरोचा बल्ब होता, नाव झिरो पण खायचा 15 वॉट.

मधले ते चार पांढरे मी काढले नाहीत, तिसऱ्या बटणावर आहेत तसेच. हळदीकुंकवाला सुद्धा ते लावले नाहीत. परवा रात्री सासूबाईंच्या कुडीची फिरकी सोफ्याखाली गेली तेव्हा लावले, सगळे गुडघ्यावर बसून शोधत होतो, फिरकी सापडली आणि त्याच म्हणाल्या, "आता बंद कर गं ती लॅब."