नाईफारूच्या मसधोणीवर

पहाटे चारला मसधोणी, म्हणजे मालदीवची मासेमारीची नाव, नाईफारू बेटाच्या बंदरातून सुटली. फळ्यांखाली समुद्राचं पाणी खेळवलेला हौद होता आणि त्यात आदल्या रात्री दिवे लावून पकडलेली बोटाएवढी मासळी जिवंत चमचमत होती. हेच आमिष. ते मेलं तर दिवस फुकट, म्हणून एक पोरगा हौदापासून हलायला तयार नव्हता.

मालदीवला येणारे बहुतेक जण विमानतळावरून थेट रिसॉर्टच्या बेटावर जातात. मी हर्णैचा, मला मासेमारी बघायची होती. कुपा, म्हणजे टूना मासा, आमच्या बंदरावरही येतो, पण इथे अख्खा देश त्याच्यावर जगतो. सकाळी खोबऱ्यात कालवलेलं मसहुनी, दुपारी भातावर गरुधिया, म्हणजे कुप्याचं पातळ सार.

उजाडल्यावर दूर पक्ष्यांची गर्दी दिसली. केयोळूने, आपल्या भाषेत तांडेलाने, नाव तिकडे वळवली. मुठीमुठीने आमिष पाण्यात पडू लागलं, मागून पाण्याचे फवारे उडू लागले. फवाऱ्यांमुळे कुप्याला वरची नाव दिसत नाही, बारीक मासळीच उसळतेय असं वाटतं. नावेच्या मागच्या टोकाला दहा-बारा जण ओळीने काठ्या घेऊन उभे. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे एका झटक्यात मासा डोक्यावरून मागे येतो, आपोआप सुटतो आणि फळ्यांवर आदळतो. थाड, थाड, थाड. वीसेक मिनिटं हेच. मग माशांचा थवा खाली गेला आणि सगळं शांत झालं. एका गळाला एक मासा. ना कासव, ना दुसरं काही. या देशात कुपा जाळ्याने पकडायला बंदीच आहे.

परतताना केयोळू बोलू लागला. सिनेमे बघून शिकलेलं त्याचं हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार होतं. बाहेर खोल समुद्रात स्पॅनिश आणि फ्रेंच पर्ससीन जहाजं, म्हणजे थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणारी, फिरतात. ती तराफे सोडून देतात, तराफ्याला उपग्रहाशी जोडलेला बोया. सावलीला मासे जमले की खालून जाळं आवळायचं. त्यात पिवळ्या पराच्या कुप्याची पिल्लंही जातात. पर्ससीनची भांडणं मी लहानपणापासून ऐकलीत, पण आमचं भांडण निदान मुंबईत मिटवता येतं. इथला मासा कुठल्याच देशाचा नाही, म्हणून त्याचे नियम हिंद महासागर टूना आयोग ठरवतो. आयोगाचं कार्यालय सेशेल्समध्ये, व्हिक्टोरियाला. युरोपियन युनियनही त्याचा सदस्य आहे.

पिवळ्या पराचा कुपा अति पकडला जातोय, असं शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये सांगितलं आणि पुढच्या वर्षी कपात ठरली. फेब्रुवारी 2023 मध्ये मोंबासाच्या बैठकीत, तराफ्यांवरची मासेमारी वर्षातून 72 दिवस बंद ठेवायचा ठराव मतदानाने मंजूरही झाला. पण आयोगाच्या करारात एक कलम आहे: ठराव न पटणाऱ्या सदस्याने 120 दिवसांत हरकत नोंदवली की तो त्याला लागू होत नाही. युरोपियन युनियनने हरकत घेतली. हरकत घेणारे सदस्य एक तृतीयांशाच्या वर गेले आणि ठराव सगळ्यांसाठीच बारगळला. मत देऊन हरल्यावर नियमातूनच बाहेर पडायची मुभा! मला ऐकून संताप आला. केयोळू शांतपणे सुकाणू धरून होता.

बाजाराचीही तीच गत. इथल्या गळाच्या मासेमारीला 2012 मध्ये एमएससीचं, म्हणजे समुद्र न ओरबाडता केलेल्या मासेमारीचं, प्रमाणपत्र मिळालं. पण 2011 मध्ये मालदीव अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर आला आणि 2014 पासून युरोपातली सवलत गेली. डबाबंद कुप्यावर तिथे 24 टक्के जकात. पर्ससीनचा मासा भरलेला सेशेल्सचा डबा मात्र जकातीशिवाय जातो. नाईफारूशेजारच्या फेलिवरू कारखान्याचा डबा हातात घेऊन मी दुकानात बराच वेळ उभा होतो.

संध्याकाळी धोणी धुऊन झाली. केयोळू दिव्याखाली बसून नोंदवही भरत होता: किती गळ, किती आमिष, कुठल्या जातीचे किती मासे. एका रकान्यापाशी तो अडला, उठून बर्फाच्या कप्प्यात डोकावला, पुन्हा मोजलं, आणि मग आकडा लिहिला.