आधी ठरवलं आणि मग विचारलं

अमेरिकेच्या कृषी खात्यात जे चाललंय त्यावर बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहूनच टाकतो. २४ जुलै २०२५ ला तिथल्या कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांनी मेमो काढला की वॉशिंग्टन परिसरात जे साधारण ४६०० लोक आहेत त्यातले जास्तीत जास्त २००० तिथे राहतील, बाकीच्यांनी रॅले, कॅन्सस सिटी, इंडियानापोलिस, फोर्ट कॉलिन्स नाहीतर सॉल्ट लेक सिटी गाठायची. कारण काय तर खर्च वाचवायचा आणि खातं शेतकऱ्याच्या जवळ न्यायचं.

ऐकायला छान वाटतं, पण खात्याची सुमारे ९० टक्के माणसं आधीपासूनच राजधानीबाहेर आहेत, मग जवळ नेमकं काय येणार? आणि लोकांना विचारलं कधी, तर मेमो निघाल्यावर. एक ईमेल पत्ता दिला, मुदत २६ ऑगस्ट, म्हणजे जेमतेम महिना, तोही शेतीच्या ऐन कामाचा. ओरड झाली तेव्हा ती ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली. सिनेटच्या कृषी समितीनेही ३० जुलैला उपमंत्र्यांना बोलावून प्रश्न विचारले, पण तोवर शहरांची नावं ठरून गेली होती. ह्याला वरातीमागून घोडं म्हणतात. तरी लोकांनी हजारोंनी लिहिलं आणि बहुतेकांचा सूर विरोधाचाच होता.

मला सगळ्यात जास्त लागली ती बेल्ट्सव्हिलची गोष्ट. मेरिलँडमधलं हे संशोधन केंद्र १९१० पासूनचं, पसारा साधारण ६५०० एकर, आणि मेमोत ते टप्प्याटप्प्याने रिकामं करायचं म्हटलंय. तिथे मधमाश्यांची प्रयोगशाळा आहे. देशातल्या कुठल्याही मधपाळाच्या पेट्या आजारी पडल्या की तो पोळ्याचा दोन इंचाचा तुकडा कापतो, कागदात गुंडाळतो (प्लास्टिकमध्ये नाही, बुरशी धरते), पोस्टाने पाठवतो आणि रोग कुठला ते त्याला फुकटात कळतं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत मधमाश्यांच्या वसाहतीच्या वसाहती मेल्या, तेव्हा विषाणू आणि औषधाला न जुमानणारे कोळीकिडे यांचा छडा याच लोकांनी लावला. हे काम शेतकऱ्यापासून लांब आहे असं कोण म्हणेल? पोळ्याचा तो तुकडा बघून रोग ओळखणारी नजर वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार होते हो, ती सामानाबरोबर ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. माणूस आला नाही तर ती पण येत नाही.

आणि माणूस येत नाही हे आधी दिसलेलं आहे! २०१९ मध्ये सनी परड्यू मंत्री असताना आर्थिक संशोधन आणि संशोधन अनुदानाचं काम बघणाऱ्या दोन संस्था अशाच कॅन्सस सिटीला हलवल्या. मंत्री भेटायला आले तर काही कर्मचारी उभे राहून पाठ फिरवून थांबले, आणि नंतर बहुतेकांनी जायला नकार दिला. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, घरचे म्हातारे, एवढं सगळं सोडून काही महिन्यांत कोण निघणार? सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये सांगितलं की दोन वर्षांनी संख्या बऱ्यापैकी भरून आली, पण माणसं बहुतांश नवी, मधल्या काळात महत्त्वाचे अहवाल कमी निघाले आणि अनुदानं मंजूर व्हायला जास्त वेळ लागला.

त्यात २०२५ च्या मेमोआधीच १५ हजारांवर लोक स्वेच्छेने राजीनामा देऊन गेलेले. पगाराचंही बघा, वॉशिंग्टनला स्थानिक भत्ता जवळपास ३४ टक्के, सॉल्ट लेक सिटीत १७, म्हणजे काम तेच आणि हातात येणार कमी. राजधानी महाग आहे हे मान्य, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा खर्चही मोठा आहे, आणि काही ऑफिसं एकत्र केली तर चालेल हेही मला पटतं. पण कुठली करायची हे पोळ्याचा तुकडा पाठवणाऱ्याला आणि तो तपासणाऱ्याला आधी विचारायला काय हरकत होती?