लिखाण स्वतःच्या साईटवर, लिंक गावभर

मी बारवांवर लिहिते, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर. आणि लोक मला बारवांबद्दल कमी आणि 'अगं हे सगळं फेसबुकवरच टाक ना, ब्लॉग कोण वाचतं आता' हेच जास्त विचारतात. तर एकदाच नीट लिहून ठेवते.

फेसबुकवर टाकलेली पोस्ट आठवड्याने माझी मलाच सापडत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि तिथे लोकांनी जीव ओतून लिहिलेलं किती काय काय गेलं त्याचा हिशोब कुणाकडेच नाही. उलट परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेवर मी ब्लॉगवर लिहिलंय ते आजही कुणी गूगलवर शोधत आलं की त्याला मिळतं. म्हणून माझं ठरलेलं आहे, लिखाण आपल्या साईटवर आणि सोशल मीडिया लोकांना तिथे बोलवायला.

आता बोलवायचं कसं. मराठी वाचक खरा आहे व्हॉट्सॲपवर, हे मान्य करून टाका. तिथे लिंक टाकली की खाली जो डबा येतो ना, फोटो, शीर्षक आणि दोन ओळी, त्यावर सगळं ठरतं. तो डबा पानातल्या ओपन ग्राफ टॅगवरून, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या नोंदींवरून बनतो, फेसबुकने २०१० मध्ये आणलेली पद्धत आहे ही, आणि वर्डप्रेसला, म्हणजे ज्यावर बरेच ब्लॉग चालतात त्या प्रणालीला, कुठलंही बरं एसईओ प्लगिन (गूगलवर नीट सापडावं म्हणूनचं जोड-सॉफ्टवेअर) टाकलं तर तिथे फोटो नि मजकूर स्वतः निवडता येतो. नाही निवडला तर कधी थीमचा लोगो येतो, कधी काहीच येत नाही. फोटो १२०० बाय ६३० चा ठेवावा, फार जड नको, आणि महत्त्वाची गोष्ट मधोमध हवी कारण व्हॉट्सॲप कधी मोठा आडवा फोटो दाखवतं तर कधी छोटा चौकोन कापतं. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर घ्या, १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली. तिचं अष्टकोनी तोंड वरून घेतलेल्या फोटोत मधोमध असेल तर छोट्या चौकोनातही ते दिसतं आणि माणूस थांबतो, पण तोच फोटो कडेला सरकलेला असेल तर नुसतं गवत दिसतं. फोटो बदलूनही फेसबुकवर जुनाच येत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून पान पुन्हा वाचायला लावायचं.

देवनागरी लिंकचं एक दुखणं आहे, त्यावर कुणी फारसं बोलत नाही. शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीत बनवतं, ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, टक्क्याची चिन्हं घातलेली नऊ नऊ अक्षरं होतात. नुसतं 'बारव' लिहिलं तरी ३६. चार-पाच शब्दांच्या शीर्षकाची लिंक अर्धा स्क्रीन खाते, आणि आपल्या मावशी-काकांना सायबर फसवणुकीचे इतके मेसेज आलेले असतात की असलं काही ते उघडतच नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. म्हणून शीर्षक मराठीत आणि पत्ता रोमन अक्षरात, दोन-तीन शब्दांचा. जुन्या पोस्टचे पत्ते बदलणार असाल तर रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर जाईल, नाहीतर ग्रुपांत फिरत असलेल्या लिंका मेल्याच समजा.

'जास्तीत जास्त शेअर करा' हे लिहिणं सोडून द्या. भारतात व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यापेक्षा योग्य ग्रुप शोधा. वालूरची पोस्ट मी पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपवर टाकली तर दोन अंगठे आले, सेलू-परभणीकडच्या लोकांच्या ग्रुपवर ॲडमिन दादांना विचारून टाकली तर रात्रीपर्यंत व्हॉइस मेसेज सुरू होते. एक निवृत्त शिक्षक, 'ताई, आमच्या गावचं लिहिलंत, पण एक राहिलं बघा' म्हणून सुरुवात करून लहानपणी कुठल्या पायरीपर्यंत पाणी असायचं ते सांगत बसले. असा वाचक कुठलीही जाहिरात देऊन मिळणार नाही.

पूर्ण लेख मात्र मेसेजमध्ये चिकटवू नका, कळकळीने सांगते. नाव गळतं, साईट गळते, आणि महिन्याभरात तोच मजकूर दुसऱ्याच कुणाच्या नावाने आपल्याकडे परत येतो, पुलंच्या नावावर काय काय फिरतं ते आपण सगळेच बघतो. माझे फोटो एका मोठ्या पेजने नाव कापून वापरले, कळवलं तर उत्तरही नाही. तेव्हापासून साईटचं नाव मी कोपऱ्यात न घालता दगडी बांधकामावरच फिकट घालते. मेसेजमध्ये एकच गोष्ट सांगायची, पूर्ण सांगायची, आणि खाली लिंक.

फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र-नातेवाईकांच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं जाहीर केलं, त्यामुळे पेजपेक्षा स्वतःच्या प्रोफाइलवरून आणि विषयाच्या ग्रुपमध्ये टाकलेलं बरं चालतं. लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकायची युक्ती मला पटत नाही, वाचकाला मोबाईलवर शोधत बसावं लागतं. इन्स्टाग्रामवर कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, स्टोरीला लिंकचं स्टिकर लावा, २०२१ पासून ते सगळ्यांना मिळतं.

आकडे बघताना एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेले बरेच लोक ॲनॅलिटिक्समध्ये, म्हणजे वाचक कुठून आले ते दाखवणाऱ्या हिशोबात, 'डायरेक्ट' (थेट पत्ता टाकून आलेले) म्हणून दिसतात, तेव्हा व्हॉट्सॲपवर टाकायच्या लिंकला यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी शेपटी, लावून ठेवा नाहीतर वाटेल की लोक पत्ता पाठ करून येतायत.

व्हॉट्सॲप चॅनेल काढ असं बरेच जण सुचवतात, सप्टेंबर २०२३ पासून आपल्याकडे ती सोय आहे, आपला नंबरही लोकांना दिसत नाही. पण मला ग्रुपच हवेत, कारण त्या शिक्षकांसारखं कुणी व्हॉइस मेसेज टाकून चूक दाखवतं, भर घालतं. पाण्याच्या पातळीबद्दल ते जे बोलले ते त्यांना विचारून वालूरच्या पोस्टमध्ये घातलंय, आणि ती सुधारलेली लिंक परत त्याच ग्रुपवर टाकली.