निळा शर्ट

“तुम्ही, निळा शर्ट! १०८ लावा. लागला की मला सांगा.”

संध्याकाळी दादरच्या पुलावर एक काका कोसळले. “अरे, कोणीतरी फोन करा” म्हणत आम्ही सगळे नुसतेच उभे. त्या मुलीने श्वास पाहिला, छातीच्या मधोमध तळवे रोवले आणि मोठ्याने मोजायला लागली. तीसला थांबून दोन श्वास, पुन्हा एकपासून.

निळा शर्ट माझा. तीन आकडी नंबर, तरी बोट दोनदा चुकलं.

काकांना नेलं तेव्हा नाडी लागत होती. तिचे हात मात्र आता थरथरत होते.

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना. म्हणूनच मोठ्याने मोजत होते.”

मिनिटाला १०० ते १२० दाब, सरावाच्या बाहुलीवर तिने कितीदा तरी घोटलेले. मीही हे सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं, शिकायला जाणार आहे. आपल्या सोसायटीतून कोण येतंय?